वादीतर्फे पुंडलिक अष्टेकर

खुर्चीवर तो अर्धाच बसायचा. पाठ कधी टेकवायचा नाही.

काळा कोट घरून घालून निघायचा नाही. अस्तर बाहेर येईल असा उलटा करून, घडी करून हातावर टाकायचा. कोर्टाच्या फाटकापाशी तो झटकायचा आणि मग अंगात चढवायचा.

कन्नडमध्ये भांडायचा, मराठीत समजूत घालायचा.

वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिराती फाडून वरच्या खिशात ठेवायचा. त्यांतली एकही स्वतःसाठी नसायची.

शेंगांची टरफलं रस्त्यावर टाकायचा नाही. खिशात भरायचा आणि विसरायचा. धोब्याशी त्याचं तेवढं एकच भांडण होतं.

स्वतःविषयी बोलताना 'आम्ही' म्हणायचा. 'आम्ही काल एक दावा लिहिला.' 'आम्हाला उद्या तारीख आहे.' त्या 'आम्ही'त तो कुठं संपतो आणि त्याचे साहेब कुठं सुरू होतात, हे मला कधी कळलं नाही.

पुंडलिक रामचंद्र अष्टेकर, बी.ए., एलएल.बी. गेल्या मार्चमध्ये, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, तो गेला. चाळिशीही गाठली नव्हती. मी साहित्याचा पदवीधर. मरणावर पुष्कळ वाचलं आहे. त्यातलं काही उपयोगी पडलं नाही.

सत्त्याहत्तर साली मी धारवाडला एम.ए.ला आलो. आमचं हुबळीला भांड्यांचं दुकान. आजोबा मिरजेकडून आले, ते बाजारातच राहिले. दुकानात बसायचं लांबवावं म्हणून मी मराठी घेऊन शिकत होतो. मळमड्डीत बाळाचार्यांच्या घरामागं भाड्याच्या दोन खोल्या होत्या. एकीत मी. दुसरीत तो.

पहिल्या दिवशी मी त्याला 'अहो' म्हटलं. तो म्हणाला, "अहो म्हणायला पक्षकार आहेत. तू अण्णा म्हण, आणि अरे म्हण."

अळणावरजवळचं खेडं. घरी भाताची शेती. घरात शिकलेला तोच पहिला. आई मथुराबाई वर्षातून एकदोनदा यायची, येताना चटणी आणि पोहे आणायची. गावात कुणी विचारलं, मुलगा काय करतो, तर ती सांगायची, "धारवाडात साहेबांकडं असतो." लोक समजायचे, घरकामाला आहे. अण्णा हसायचा. "फार चुकलेलं नाही," म्हणायचा.

साहेब म्हणजे मुकुंदराव वकील. मळमड्डीतच त्यांचं घर. पुढच्या खोलीत ऑफिस. दारावर एकच पाटी, एकच नाव. जमिनीच्या, वाटणीच्या दाव्यांत त्यांचा शब्द मोठा. एलएल.बी. होऊन सनद मिळाल्यावर अण्णा त्यांच्याकडं लागला होता. सकाळी त्यांच्या ऑफिसात, दुपारी कोर्टात, संध्याकाळी पुन्हा ऑफिसात. गौरी-गणपतीला त्यांच्या पंक्तीला.

त्याला मुन्सफ व्हायचं होतं. दिवाणी न्यायाधीशाची पहिली पायरी. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, साधनकेरीकडं चालत जाताना.

"का रे?" मी विचारलं.

"निकालाखाली एकच सही असते," तो म्हणाला. "ती ज्याची त्यालाच करावी लागते."

कोर्टासमोरच्या हॉटेलात त्याचा दरबार भरायचा. नवे एलएल.बी. झालेले तिथं यायचे. मुन्सफ, सरकारी वकील, बँकेचा कायदा विभाग, कारखान्यातला कामगार अधिकारी, कुठं काय निघालं आहे हे त्याला ठाऊक असायचं. वकील मंडळी त्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणायची.

"काय एक्स्चेंज, आज कुणाला चिकटवलं?"

"तुम्हालाच बघतोय. देवळात पुजाऱ्याची जागा आहे. पण तिथं खोटं बोलून चालत नाही."

सगळे हसायचे. मग एखादा नवखा पुढं सरकायचा. एकदा प्रभंजन आला. मळमड्डीतलाच, चांगल्या घरचा, चुणचुणीत. निकाल लागून महिनाही झाला नव्हता.

"अण्णा, प्रॅक्टिस करू की नोकरी बघू?"

"घरी जेवायला मिळतं?"

"मिळतं."

"मग प्रॅक्टिस कर. ज्याला घरी मिळत नाही त्यानं बँकेचा अर्ज भरावा. यात लाज नाही. पहिल्या वर्षी वकिलाला काळ्या कोटाचं ऊन तेवढं मिळतं."

"आणि दुसऱ्या वर्षी?"

"तारीख मागायला येते. तिसऱ्या वर्षी, ती कशाला मागतोय ते कळतं."

प्रभंजननं विचारलं, "सीनियर कसा निवडावा?"

अण्णानं कप बाजूला सरकवला. "त्याच्या पक्षकारांकडं बघ. कोर्टातून बाहेर पडताना ते त्याच्याशी बोलतात, की त्याच्या कारकुनाशी? त्याच्याशी बोलत असले तर पाय धर."

मीही त्याला विचारलं होतं. एम.ए. झाल्यावर लॉ करू का? तो म्हणाला, "गोपाळ, तुला माणसाचं दोन्ही बाजूंनी खरं वाटतं. कोर्टात एकच बाजू मिळते. तू मास्तर हो." मी मास्तर झालो. हुबळीतल्या एका कॉलेजात, हंगामी. धारवाडची खोली मात्र सोडली नाही.

त्याच्या सल्ल्यानं गेलेले मुलगे बेळगावला, गदगला, बेंगळूरला चिकटले. पेढे यायचे. पेढे तो साहेबांच्या घरी नेऊन द्यायचा.

साहेबांकडचं काम पुष्कळसं तोच करायचा. दावा तो लिहायचा, साक्षीदारांशी तो बोलायचा, निवाडे तो शोधायचा. वकालतनाम्यावर मात्र नाव एकट्या मुकुंदरावांचं. पक्षकार ज्या कागदानं वकील नेमतो त्या कागदावर ज्युनिअरचं नाव खाली घालता येतं. बेंगळूरला सर्रास घालतात म्हणे. मुकुंदरावांच्या ऑफिसात ती रीत नव्हती. नको असं कुणी म्हटलं नव्हतं. घालू का, असं कुणी विचारलंही नव्हतं.

एकोणऐंशीत मुकुंदरावांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. डोळ्यांवर पट्टी बांधून ते माजघरात पडून होते. नेमका तेव्हाच एका सामाईक विहिरीचा मोठा दावा युक्तिवादाला आला. अण्णानं हजेरीचा मेमो दिला, साहेबांच्या वतीनं उभा राहिला आणि पुरा युक्तिवाद एकट्यानं केला. दावा जिंकला. वकील त्याच्या पाठीवर थाप मारून गेले. निकालाच्या नकलेवर पहिल्या पानावर छापील अक्षरांत होतं, वादीतर्फे मुकुंदराव वकील. अण्णानं ती नक्कल साहेबांच्या उशाशी बसून त्यांना वाचून दाखवली.

एक्याऐंशीत मुन्सफाच्या जागा निघाल्या. त्याची वयाची मर्यादा संपत आली होती. पुन्हा जाहिरात निघेल तोवर ती उलटणार होती. त्यानं अर्ज केला, लेखी परीक्षेत वर आला, मुलाखतीला बेंगळूरला गेला. बाळाचार्यांनी त्याच्या हातावर दही घातलं.

दोन दिवसांनी परतला. मी खोलीत होतो. तो उंबऱ्यावर बसला, बूट काढले आणि हसायला लागला.

"काय झालं?"

"विचारलं, स्वतंत्रपणे किती दावे चालवले? म्हटलं, सगळे आमच्या साहेबांचे."

"आणि विहिरीचा?"

"अर्जात लिहिला होता ना, तोच काढला त्यांनी. म्हणाले, निकाल चांगला आहे, युक्तिवाद कोणी केला? म्हटलं, आमच्या साहेबांनी."

"अण्णा!"

"मग म्हणाले, तुम्ही काय केलंत? म्हटलं, मी बरोबर होतो." तो अजून हसत होता. "मग त्यांनी पाणी दिलं. थँक यू म्हणाले."

"अरे, साहेबांच्या डोळ्यांवर पट्टी होती!"

"होती."

"मग युक्तिवाद तू केलास!"

"केला. पण दावा त्यांचा." त्याचं हसू थांबलं. "त्यांच्या पाठीमागं, चारशे कोसांवर जाऊन, त्यांचं काम माझं म्हणून सांगायचं? जीभ उचलेना रे गोपाळ."

बेंगळूर चारशे कोस नाही. 

यादी लागली. त्यात त्याचं नाव नव्हतं.

त्या आठवड्यात एका सकाळी मुकुंदराव स्वतः आमच्या खोल्यांकडं आले. ते कधी आले नव्हते. अण्णा दाढी करत होता. तोंडाला साबण तसाच, तो उभा राहिला. बसायला खुर्ची नव्हती. मुकुंदराव माझ्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसले.

"बार रूममध्ये काल कळलं. मुलाखतीत माझं नाव सांगितलंस?"

"हो साहेब."

"युक्तिवाद मी केला म्हणालास?"

"हो साहेब."

"मला त्या दिवशी दिवा दिसत नव्हता रे!"

"हो साहेब."

"हो साहेब काय, हो साहेब! गाढवा! तुला खोटं बोलायला मी शिकवलं नाही. पण खरं बोलायलाही शिकवलं नाही, असं दिसतंय."

अण्णाच्या गालावर साबण वाळत होता.

"वकालतनाम्यावर नाव घालू नको, असं मी कधी म्हटलं?"

"नाही साहेब."

"तू विचारलंस कधी?"

"नाही साहेब."

मुकुंदराव बराच वेळ ट्रंकेच्या कडीशी चाळा करत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "माझ्या साहेबांकडं मीही असाच होतो. ते वारले, तेव्हा माझं नाव कागदावर आलं. असंच असतं, असं मला वाटायचं." ते उठले. "माझ्या पाटीखाली तुझी पाटी लाव. आजच."

अण्णानं मान हलवली. "तुमच्या पाटीखाली लावली तर लोक वरचीच वाचतील, साहेब."

मुकुंदरावांनी त्याच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता रागावतील. ते म्हणाले, "हे मुलाखतीत बोलायचं होतंस." आणि गेले.

त्यानंतर अण्णाचा हॉटेलातला सल्ला बदलला. मुलांना तो आता पहिलीच गोष्ट सांगायचा, "कागदावर नाव घाल. साहेब रागावले तर रागावू देत. राग जातो. गेलेलं वर्ष येत नाही."

धारवाड सोडून तो हुबळीला आला. धारवाडात साहेबांचे पक्षकार, त्यांत आपण हात घालायचा नाही, हे त्याचं त्यानंच ठरवलं. उणकलला तळ्याच्या अलीकडं नवी घरं होत होती. तिथं एक खोली घेतली. वाळू, विटा आणि त्यांत अर्ध्या बांधलेल्या भिंती. पाटी रंगवून घेतली. ती घराला लावायची तर घराचं प्लास्टर व्हायचं होतं. म्हणून काही दिवस ती आत, देवाच्या फोटोशेजारी होती.

"देवाला तरी कळू दे," तो म्हणाला.

पहिला मोठा दावा त्याच्या आईनंच पाठवला. शेजारच्या गावची कौसल्या. नवरा साप चावून गेला. पदरात एक मुलगी. थोरला दीर कृष्णा म्हणू लागला, की तुझा नवरा जिवंत असतानाच वाटणी झाली, त्याला त्याचा तुकडा दिला, त्यानं तो विकून खाल्ला, आता तुझं इथं काही नाही. वाटणी तोंडी झाली, पंचांसमोर, खळ्यावर. कागद नाही. खेड्यात असं होतं. कौसल्या म्हणत होती, अशी वाटणी झालीच नाही.

मी त्याच्याकडं गेलो होतो तेव्हा ती दाराशी बसली होती. अण्णा वकालतनामा भरत होता. वकिलाच्या नावाच्या जागी त्यानं आपलं नाव लिहिलं. सही केली. मग शाई वाळावी म्हणून कागद बराच वेळ हातात धरून बसला. एवढी शाई नव्हती.

कौसल्या म्हणाली, "अण्णा, आम्हाला शेत मिळंल नव्हं?"

"मिळेल असं मी म्हणणार नाही. मी उभा राहीन, एवढं सांगतो."

"उभं राहायला तर कुणीच तयार न्हाई झालं," ती म्हणाली.

दावा धारवाडच्या कोर्टात. जमीन तिथली, म्हणून दुसरीकडं नेता येत नव्हता. समन्स गेलं. कृष्णा सरळ मळमड्डीला गेला. जमिनीचा वकील म्हटलं की त्या बाजूच्या लोकांना एकच नाव ठाऊक. प्रतिवादीतर्फे मुकुंदरावांचा वकालतनामा दाखल झाला.

अण्णा माझ्या कॉलेजवर आला. चेहरा उतरलेला. "चल माझ्याबरोबर. एकट्याला जायला जमणार नाही."

आम्ही बसनं धारवाडला गेलो. मुकुंदराव ऑफिसात होते. अण्णा जुन्याच खुर्चीवर, अर्धा बसला.

"साहेब, मी दावा सोडतो."

"का?"

"तुमच्यासमोर..."

"मी भूत आहे?"

"तसं नाही साहेब. रीत नाही."

"मला दावा सोडता येईल," मुकुंदराव म्हणाले. "कृष्णा दुसऱ्याकडं जाईल. त्याला वकील पुष्कळ मिळतील. तू सोडलास, तर ती बाई कुणाकडं जाईल?"

अण्णा खाली बघत होता.

"मग कुणीच सोडायचा नाही. उभा राहा. आणि कोर्टात मला 'आमचे साहेब' म्हणालास, तर तिथंच कान धरीन. प्रतिवादीचे वकील म्हणायचं. म्हण बघू."

अण्णा खुर्चीच्या आणखी कडेला सरकला.

"म्हण."

"प्रतिवादीचे..." त्याला पुढं जाता येईना. कान लाल झाले.

मुकुंदरावांच्या पत्नी शांताकाकू चहा घेऊन आल्या होत्या. त्या दारातच हसायला लागल्या. "अहो, नव्या नवरीला नाव घ्यायला लावावं, तसं काय लावलंय बिचाऱ्याला!"

आम्ही सगळेच हसलो. अण्णाही हसला. बाहेर पडताना त्यानं मुकुंदरावांना वाकून नमस्कार केला. परतीच्या बसमध्ये तो खिडकीकडं तोंड करून मधूनच पुटपुटत होता, "प्रतिवादीचे वकील. प्रतिवादीचे वकील." शेजारचा म्हातारा शेवटी उठून मागं जाऊन बसला.

तारखा पडत राहिल्या. कौसल्येची साक्ष झाली. मुकुंदरावांनी उलटतपासणी कडक घेतली. अण्णानं दोनदा हरकत घेतली. एक मान्य झाली. मग प्रतिवादीचे साक्षीदार सुरू झाले. आदल्या दिवशी अण्णानं निरोप धाडला, "उद्या ये. आमचं काम बघायला." मग निरोप्याला परत बोलावून सांगितलं, "माझं काम, म्हण."

मी गेलो. मागच्या बाकावर कौसल्येशेजारी बसलो. साक्षीदार हणमंत. वाटणीला हजर असलेला पंच. साठीचा माणूस, स्वच्छ धोतर, चांगला आवाज. मुकुंदरावांच्या प्रश्नांना त्यानं ठाम उत्तरं दिली. खळ्यावर बसलो. दोन्ही भावांना हद्द दाखवली. दोघांनी मान्य केली. त्याच दिवशी चूल वेगळी झाली.

मग अण्णा उठला. कोट सारखा केला. मुन्सफांना कन्नडमध्ये म्हणाला, की प्रतिवादीच्या वकिलांनी विचारलेल्या मुद्द्यांवरच मी प्रथम विचारतो. 'प्रतिवादीच्या वकिलांनी' हे शब्द जरा जास्त मोठ्यानं आले. मुकुंदरावांनी कागदांत तोंड घातलं. ते हसत होते, की नव्हते, मला मागून दिसलं नाही.

साक्षीदाराशी अण्णा मराठीत बोलू लागला. गावाकडच्या मराठीत. बांधावर भेटल्यासारखा.

"मामा, हे कधीचं?"

"सुगीचं."

"भात खळ्यावर आलं होतं?"

"आलं होतं की. मळणी चालली होती."

"पंच कितीजण?"

"आम्ही चौघं."

"सकाळीच बसला?"

"सकाळी."

"आणि उठला कधी?"

"उठायला दिवस कलला. दोघं भाऊ ऐकत न्हवते."

"मग उपाशीच राहिला?"

हणमंत हसला. "उपाशी कशाला? जेवलो की."

"कुणाच्या चुलीवर?"

हणमंतानं कृष्णाकडं बघितलं. कृष्णानं मुकुंदरावांकडं बघितलं. मुकुंदरावांनी मान वर केली नाही.

"चूल वेगळी झाली म्हणालात, म्हणून विचारतो," अण्णा शांतपणे म्हणाला.

"धाकट्याच्या," हणमंत म्हणाला. "नव्या चुलीवर."

"धाकट्याच्या नव्या चुलीवर. पोटभर?"

"पोटभर."

अण्णा थांबला. मुन्सफांचं लिहून होऊ दिलं. त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात मुन्सफांनी घड्याळाकडं बघितलं. "इवत्तिगे साकु, अष्टेकर," ते म्हणाले. आज पुरे. उरलेली उलटतपासणी पुढच्या तारखेला.

बाहेर व्हरांड्यात अण्णानं कोट काढला. शर्ट घामानं चिकटला होता. एवढा आनंदात मी त्याला पाहिलं नव्हतं. कौसल्येला म्हणाला, "सांगितलं ते लक्षात आहे ना?" तिनं मान डोलावली.

"पुढं काय विचारणार?" मी विचारलं.

"साहित्यवाल्यांना शेवट आधी सांगू नये. मजा जाते."

"अण्णा, सांग ना."

"पुढच्या तारखेला ये." आणि त्यानं स्वतःच्या पैशानं आम्हा दोघांना चहा पाजला. बशीत वाटून नाही, पुरा कप.

तारखेच्या आदल्या आठवड्यात, सकाळी, तो उणकलहून धारवाडच्या बसमध्ये बसला. बार लायब्ररीत जाणार होता. खिडकीची जागा मिळाली होती. नवनगरपाशी कंडक्टरनं तिकिटं तपासली, तेव्हा तो डोळे मिटून बसला होता. तिकीट बोटांत होतं. धारवाडला सगळे उतरले. कंडक्टर म्हणाला, "इळीरी, धारवाड बंतु." उतरा, धारवाड आलं. तो उतरला नाही.

डॉक्टर हृदय म्हणाले.

मला वर्गात निरोप आला. मी शिकवत होतो. काय शिकवत होतो ते आठवत नाही. मुलं सांगतात, मी वाक्य पुरं केलं आणि मग पुस्तक मिटलं.

गावी नेला. मथुराबाई रडली नाही. आलेल्या काळ्या कोटांकडं ती बघत राहिली. मुकुंदराव तिच्यापुढं उभे राहिले, तेव्हा तिनं मला विचारलं, "हेच का साहेब?" मी हो म्हटलं. ती त्यांना म्हणाली, "तुमच्याकडं असतो म्हणून मला काळजी नव्हती." मुकुंदराव तिथंच मातीत बसले. त्यांना उठवायला दोघं लागले.

कोर्टानं कौसल्येला दुसरा वकील करायला मुदत दिली. प्रभंजन आपणहून पुढं आला. फी नको म्हणाला. पुन्हा पुन्हा कागद वाचले, शेत बघून आला, रात्रंदिवस तयारी केली. त्याच्या मनापासूनच्या कष्टांबद्दल मला शंका नाही.

तारखेला मी गेलो. हणमंत पिंजऱ्यात आला. प्रभंजननं हद्दीबद्दल विचारलं. सर्व्हे नंबर विचारले. शेतसारा कोण भरत होता ते विचारलं. पंचांत भाऊबंदकी होती का ते विचारलं. चांगले प्रश्न होते. हणमंत सावरून उत्तरं देत होता. मुकुंदराव हनुवटी हातावर टेकून बसले होते. प्रभंजननं कागद चाळले. मागच्या तारखेचं शेवटचं उत्तर त्यानं पुन्हा वाचलेलं मी पाहिलं. त्यावर तो क्षणभर थांबला. मग पान उलटलं.

"नो फर्दर क्रॉस," तो म्हणाला. आणखी काही विचारायचं नाही.

हणमंत खाली उतरला. प्रतिवादीचा पुरावा संपला, अशी नोंद झाली.

व्हरांड्यात कौसल्या प्रभंजनपुढं आली. "ते विचारलं न्हाई?"

"काय?"

"रांधलं कोणी?"

प्रभंजनला कळेना. मलाही कळेना.

"त्या सुगीला मी माहेरी होते," ती म्हणाली. "बाळंतीण. ही पोर तवाच झाली. धाकट्याच्या घरात दुसरी बाईमाणूस नव्हती. मग नव्या चुलीवर चौघांचं रांधलं कोणी? अण्णा विचारणार होते."

प्रभंजननं कागद पुन्हा उघडले. "बाई, हे मला का नाही सांगितलं?"

"अण्णांनी शपथ घातली होती. ते विचारेपर्यंत मी कुणापाशी बोलायचं न्हाई. साक्षीतसुद्धा न्हाई. आधी फुटलं तर समोरचे उत्तर तयार ठेवतील, म्हणाले." तिनं पदर घट्ट ओढला. "मी कुणापाशी बोलले न्हाई. मला वाटलं, त्यांनी तुम्हाला सांगून ठेवलं असंल."

मुकुंदराव मागून येत होते. त्यांनी ऐकलं. ते तिच्याकडं न बघता माझ्याकडं बघत म्हणाले, "हातातलं पान शेवटी टाकायचं, हे मीच शिकवलं त्याला. तो काय विचारणार हे मला त्या दिवशीच कळलं होतं. आज इथं बसून वाट बघत होतो, हा पोरगा विचारतो का." त्यांनी हातातली फाईल मिटली. "मला विचारता येत नाही, गोपाळ. साक्षीदार माझा आहे."

प्रभंजन म्हणाला, "साहेब, मी त्याला परत बोलवायचा अर्ज देतो. आजच."

"दे," मुकुंदराव म्हणाले. "मला हरकत घ्यावी लागेल."

त्यांनी हरकत घेतली. लेखी, दोन पानांची. 

अर्जावर दोन्ही बाजू ऐकून झाल्या आहेत. हुकूम व्हायचा आहे. कौसल्या दर तारखेला अळणावरहून येते, पोरीला घेऊन, आणि मागच्या बाकावर बसते. हणमंताला एकच प्रश्न विचारायचा राहिला आहे.